उंदीरमावशीचे दोनशे बारा

उंदीरमावशीने आपला नवरा उंदरांना खाऊ घातला, असं आमच्या स्टुडिओत बोललं जायचं.

उघड नाही हं. मेकअपच्या खोलीत, लाइटच्या शिडीखाली, कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत, असं. आणि पुरावेही होते! बाई एकटी राहायची. बंद पडलेल्या छापखान्याच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या, एकीत ती आणि दुसरीत उंदीर. दर तीन-चार दिवसांनी तिच्या गॅलरीतल्या दोरीवर एक पुरुषी शर्ट वाळत पडलेला दिसायचा. मोठ्या मापाचा, आपल्यासारखे दोघं आरामात आत मावतील असा. बाही कुरतडलेली, कॉलर अर्धी गायब, पाठीवर रुपया-रुपयाएवढी भोकं. पुरुष मात्र कधी कोणाच्या नजरेला पडला नाही. आता शर्ट आहे, शर्टावर दातांच्या खुणा आहेत आणि शर्टातला माणूस नाही, तर पुढचं कळायला शाळेत जावं लागतं का?

आमच्या कपडेपटवाल्याने तर नुसत्या नजरेने माप काढलं होतं. "बावन्नची छाती. म्हणजे माणूस चांगला भरलेला असणार. आठवडाभर तरी पुरला असेल."

"आणि हाडं?" कोणीतरी विचारलं.

"हाडं काय! उंदरांना दात घासायला काहीतरी लागतंच की."

हसलो आम्ही. हसून झालं की मागे वळूनही बघायचो, कारण मावशीच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज यायचा नाही.

आमचा स्टुडिओ कसला होता ते आधी सांगतो, म्हणजे ही बाई आमच्यात कशी आली ते कळेल. मी तिथे सत्तावीस वर्षं रंगभूषा केली. नट्यांना गोरं करण्याचं भाग्य माझ्या कपाळी नव्हतं. माझं काम जखमांचं: चावे, ओरखडे, लोंबणारे कान. कारण आमच्या दुकानात एकाच जातीचा माल निघायचा. एक एकटा माणूस घ्यायचा. त्याला कोणी विचारत नाही, पोरं त्याच्यामागे खडे मारत धावतात, घरमालक त्याला जिन्याच्या पायरीवरही बसू देत नाही. त्याचं गणगोत म्हणजे जनावरं. मध्यंतरापर्यंत लोकांनी त्याला छळायचं आणि मध्यंतरानंतर जनावरांनी लोकांना. कुत्र्यांचा झाला, कावळ्यांचा झाला. वटवाघळांचा पडला, कारण लाइट लावला की वटवाघळं झोपी जायची. बाकी सगळे चालले. हजार माणसं अंधारात दाटीने बसून एकट्या माणसाच्या बाजूने टाळ्या वाजवायची. त्यातल्या प्रत्येकाला वाटत असायचं, हा पडद्यावरचा म्हणजे मीच, आणि शेजारी बसलेला तो घरमालक.

जनावरांचं काम कसं चालायचं ते मात्र पडद्यावर दिसत नसे. कुत्र्यांना दोन दिवस उपाशी ठेवायचं. कावळ्यांच्या पायाला मासे धरायची दोरी बांधायची. शॉट संपला की जनावर मागच्या गेटने बाहेर, आणि ते पुढे कुठे गेलं हे विचारायचं नाही. आम्हीही विचारलं नाही. मीही नाही. पोटाला धर्म असतो, पण फार मोठा नसतो.

तर उंदरांचा चित्रपट ठरला. मालकांनी, म्हणजे आमच्या निर्मात्याने, कुठून तरी मावशीला शोधून आणलं. वैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं जनावरं सांभाळली होती आणि नुकतीच ती निवृत्त झाली होती. अंगाने काडी, चष्मा जाड, वर राखाडी ॲप्रन. बोलायची इतकं हळू, की पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय असं वाटावं. पुढे कळलं, तिच्या बाबतीत पलीकडच्या खोलीत खरंच दोनशे जण झोपलेले असायचे.

मालकांनी तिला पटकथा समजावली. शेवटाकडे उंदीर घरमालकाच्या बेडरूममध्ये शिरतात आणि त्याला नखशिखान्त झाकून टाकतात. मग गावकरी उंदरांना मारतात आणि रस्त्यावर मेलेल्या उंदरांचा खच पडतो.

"खच कशाचा करणार?" मावशीने विचारलं.

"त्याच उंदरांचा. नाहीतरी नंतर त्यांचं काय करायचंय?"

मावशीने पटकथेची वही मिटून त्यांच्यापुढे सरकवली. "प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी उंदीर वाढवले आणि दुसऱ्यांच्या हातात दिले. त्यांनी काय केलं ते मी बघायचे, कारण नंतर पिंजरे मीच धुवायचे. आता नाही. जेवढे सेटवर जातील तेवढे जिवंत परत घरी येतील. कबूल असेल तर बोला."

मालक मुरलेले होते. ते म्हणाले, "शॉट मनासारखा मिळाला तर सगळे उंदीर तुमचे. खच रबरी उंदरांचा करू. नाही मिळाला तर उंदीर स्टुडिओचे, आणि मग मी माझ्या पद्धतीने करीन. पटतंय?"

"पटतंय," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून सात महिने तिच्या डोक्यावर ही तलवार टांगलेली होती आणि चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं.

प्रयोगशाळेतले उंदीर पांढरेशुभ्र असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पांढऱ्या उंदरांना कोण भिणार? मालकांनी मला बोलावून सांगितलं, "उंदीर रंगव." मी हात जोडले. मावशीने मला वाचवलं. तिने कुठून तरी एक तपकिरी नर आणला, चांगला माणसाळलेला, आणि पांढऱ्या माद्यांमध्ये सोडला. पहिल्याच वेताची सगळी पिल्लं तपकिरी. अशी वेतावर वेतं वाढवून तिने दोनशे बारा उंदीर उभे केले. आणि सांगतो, तिला ते एकेक ओळखू यायचे. मला दोनशे बारा लाडू दिले तर मी वेगळे ओळखणार नाही. ती म्हणायची, "ही लंगडी. हा ढेरपोट्या. या दोघी जावा-जावा, एकमेकींशी बोलत नाहीत पण झोपतात चिकटून."

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, यांना हल्ला करायला शिकवणार कसं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "हल्ला? अरे रंगारी, पोटभर जेवलेला उंदीर कशाला कोणावर हल्ला करील? तो तुझ्यासारखा रिकामटेकडा आहे का?"

"मग?"

"ज्याच्या अंगावर जायचं, तो त्यांना घरचा वाटायला हवा. उंदराला दिसतं थोडं. तोंडबिंड त्याला कळत नाही. त्याला माणूस वासाने कळतो. पिल्लं डोळे उघडायच्या आधीपासून ज्या वासात झोपली, ज्या वासावर जेवली, तो वास म्हणजे त्यांचं घर. ते घर जमिनीवर आडवं पडलेलं दिसलं की धावतील. लांबून बघणाऱ्याला तो हल्ला वाटेल."

मी आयुष्यभर खोटं रक्त बनवत आलो, पण एवढी मोठी थाप मी कधी ऐकली नव्हती आणि एवढी खरीही. लोक पडद्यावर खून बघणार, आणि तिथे घडणार काय, तर घरी परतणं!

घर व्हायचं होतं आमच्या खलनायकाला. त्याला सगळे डोंगर म्हणत. सहा फूट दोन इंच, मान नावाला नाही, आवाज असा की माइक लांब ठेवावा लागायचा. पंचवीस वर्षं त्याने घरमालक, सावकार, तुरुंगाधिकारी असली कामं केली आणि सगळ्या जनावरांकडून मार खाल्ला. आमचा हिरो, म्हणजे पडद्यावरचा एकटा बिचारा, खऱ्या आयुष्यात चार भाऊ, सहा मेव्हणे आणि रोज डबा घेऊन येणारी सासू असलेला माणूस. त्याच्या खोलीत बसायला जागा मिळायची नाही. आणि डोंगर? त्याच्या खोलीत एक खुर्ची होती आणि ती त्याची होती. रस्त्यात त्याला बघून आया पोरांना कडेवर घ्यायच्या. हॉटेलात तो बसला की शेजारची टेबलं रिकामी व्हायची. तो हसून म्हणायचा, "कामाची पावती आहे ही." हसायचाही मोठ्याने, त्यामुळे आणखी एखादं टेबल रिकामं व्हायचं.

तर डोंगराने घामाने भिजलेला शर्ट काढला की मी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून मावशीकडे पोचवायचो. ती तो पिल्लांखाली अंथरायची, त्यावरच दाणे टाकायची. तीन-चार दिवसांनी शर्टाची चाळण झाली की नवा. जुना फेकायचा. पण बाई एवढी स्वच्छ, की कचऱ्यात टाकायचा शर्टसुद्धा आधी धुऊन वाळवायची. "कचरेवाल्याने का म्हणून घाण उचलायची?" म्हणायची.

सात महिने असे गेले. शूटिंगला नऊ दिवस उरले तेव्हा मावशीने डोंगराला बोलावणं धाडलं. उंदरांची आणि त्याची प्रत्यक्ष भेट व्हायला हवी होती.

डोंगर आला, जिना चढला आणि दारातच उभा राहिला. आत येईना. त्याचे शर्ट कुठे जातात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कपडेपटवाला धुवायला देतो असा त्याचा समज. कँटीनमधली गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत अगदी इत्थंभूत पोचली होती.

"बाई," तो म्हणाला, आणि त्या आवाजाने खालच्या छापखान्याचं शटर थरथरलं, "मी शॉटला तयार आहे. पण आधी तुमच्या नवऱ्याचं काय झालं ते सांगा."

मावशीने चष्मा पुसला. माझ्याकडे एक नजर टाकली. मी छताकडे बघायला लागलो.

"खाल्ला," ती गंभीरपणे म्हणाली. "जेवढा होता तेवढा सगळा. कणभर मागे ठेवला नाही."

डोंगर दोन पायऱ्या खाली.

"अहो डोंगरराव, या आत! गंमत केली म्हातारीने. एवढं मोठं शरीर दिलंय देवाने, त्यात थोडा धीर नाही का भरला?"

पहिल्या दिवशी तो खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला. दुसऱ्या दिवशी खुर्ची उंबऱ्याच्या आत आली. तिसऱ्या दिवशी मावशीने लंगडीला त्याच्या तळहातावर ठेवलं. तळहात तो केवढा! लंगडीने त्याचा अंगठा हुंगला, मनगट हुंगलं, मग गोल फिरून तिथेच अंगाचा मुटका करून झोपली. डोंगराने अर्धा तास हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या, घाम कपाळावरून डोळ्यात गेला, तरी हलवला नाही.

"ही मला घाबरली नाही," तो शेवटी कुजबुजला. डोंगर कुजबुजू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"ती तुम्हाला जन्मापासून ओळखते," मावशी म्हणाली आणि तिने त्याला शर्टांचं सांगितलं. डोंगराने लंगडीला एका बोटाने हळूच गोंजारलं. मग म्हणाला, "उद्या लवकर येतो."

शूटिंगचा दिवस उजाडला. सेटवर घरमालकाची बेडरूम: पलंग, आरसा, दिवाणाएवढी उशी. भिंतींच्या तळाशी लाकडी झडपा आणि झडपांमागे पिंजरे. माझ्यासाठीही तो दिवस मोठा होता. दोन तास खपून मी डोंगराच्या अंगावर एकेचाळीस चावे उठवले. गळ्यावर असा लचका काढला की लाइटवाल्याने तोंड फिरवलं. माझ्या आयुष्यातलं उत्तम काम, आजही सांगतो.

आमचा दिग्दर्शक, त्याला आम्ही 'अजून एकदा' म्हणायचो कारण तेवढंच त्याला बोलता यायचं, त्याने खूण केली. झडपा वर गेल्या. दोनशे बारा उंदीर बाहेर आले, पलंगावर चढले आणि डोंगरापासून हातभर अंतरावर थांबले. नाकं वर करून हुंगलं. मग एकेक करून वळले आणि पिंजऱ्यात जाऊन बसले.

"अजून एकदा!"

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. लंगडी तेवढी थोडी पुढे गेली, शिंकली आणि मागे फिरली.

डोंगर उठून बसला. गळ्यातून लचका लोंबतोय, एकेचाळीस जखमा आणि तोंड लहान पोरासारखं पडलेलं. "बघा," तो म्हणाला. "आता उंदीरसुद्धा जवळ येईनात."

कोणी हसलं नाही. आमच्या स्टुडिओत न हसण्याची ही पहिलीच वेळ असावी.

मालक खुर्चीतून उठले. "बाई, झालं तुमचं. उद्या दुपारी सेट मोडायचाय. सकाळी एक संधी देतो, वायदा म्हणून. बाहेर उंदीर पकडणाऱ्यांना सांगून ठेवलंय. ते नाल्यातले आणतील, दोन दिवसांचे उपाशी. डोंगराच्या जागी पुतळा ठेवू, त्याला मटण बांधू. आणि तुमचे हे दोनशे बारा खच पाडायला. रबरी फार महाग पडतात."

मावशीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ती सरळ चालत माझ्या मेकअपच्या खोलीत आली. टेबलावरच्या बाटल्या एकेक करून उघडून हुंगायला लागली. पाचव्या बाटलीशी थांबली.

"हे काय?"

"गोंद आहे मावशी. स्पिरिटमधला. यानेच तर सगळ्या जखमा चिकटवल्या. मिशीला वापरतात तोच, पण मी जरा सढळ हाताने..."

"किती सढळ?"

"डोक्यापासून पायापर्यंत."

मावशी स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू माणूस पुसून टाकलास रे," ती म्हणाली. "पिल्लं घर शोधत आली आणि त्यांना दवाखाना सापडला."

सत्तावीस वर्षांत मी अनेकांना कुरूप केलं, विद्रूप केलं. पण एखाद्याला पुसून टाकल्याचा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच झाला, आणि तो खरा होता. माझ्या त्या सुंदर एकेचाळीस चाव्यांपायी दोनशे बारा जीव जाणार होते.

"काय करायचं?" मी विचारलं.

"सगळं काढ. स्पिरिटने नाही, तेलाने. मग नुसत्या गरम पाण्याने आंघोळ. साबण लावलास तर बघ."

पाच बादल्या पाणी लागलं. मग मावशीने तिच्या खोलीतला, उंदरांनी कालच वापरलेला शर्ट डोंगराला घालायला दिला. तो तसाच घालून तो घरी गेला आणि झोपला. सकाळी सहाला स्टुडिओच्या मागचा लोखंडी जिना. मावशी खाली स्टुलावर, डोंगर वर-खाली. वर-खाली. साठ पायऱ्या.

"पुरे का हो?" डोंगर धापा टाकत विचारायचा.

मावशी उठायची, जवळ जाऊन त्याचा खांदा हुंगायची. "थोडा आलाय. पूर्ण नाही. आणखी चार फेऱ्या."

"बाई, मी मरेन!"

"मेलात तरी चालेल, वास राहतो थोडा वेळ. चढा!"

नऊ वाजता त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि वाऱ्याच्या दिशेने कोणी उभं राहत नव्हतं. मावशीने शेवटचं हुंगलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "आलात," ती म्हणाली. "आता तुम्ही आलात."

गेटवर नाल्यातल्या उंदरांचे पिंजरे गोणपाटाखाली किंचाळत होते. मालक घड्याळ बघत होते. मावशीने डोंगराला एवढंच सांगितलं, "तोंड उघडा, ओरडल्यासारखं करा, पण आवाज काढू नका. आवाज नंतर भरता येतो. घाबरलेलं पिल्लू नंतर समजावता येत नाही."

झडपा वर गेल्या.

आता मी जे सांगतो ते मी त्या दिवसानंतर कितीदा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की कमी पडलं. आधी जमीन हलली. गालिचाला जीव यावा तशी. दोनशे बारा उंदरांच्या पावलांचा आवाज, म्हणजे मोठ्या सभागृहात शेकडो माणसांनी एकाच वेळी पुस्तकाचं पान उलटावं तसा. पलंगाच्या पायांवरून ती तपकिरी लाट वर चढली आणि कालच्या त्याच रेषेशी पोचली. हातभर अंतर. नाकं वर.

मावशीचा हात माझ्या दंडावर होता. तिची नखं रुतली ती अजून आठवतात.

लंगडी पुढे झाली. डोंगराच्या बोटाशी गेली, हुंगलं, आणि मग ती धावली. तिच्यामागे सगळे. हातांवरून, पोटावरून, शर्टाच्या बाह्यांमधून, गळ्याशी, केसांत. बघता बघता डोंगर दिसेनासा झाला. सहा फूट दोन इंचांचा माणूस, आणि त्याच्या जागी नुसता श्वास घेणारा एक ढीग. ढिगातून त्याचं उघडं तोंड तेवढं दिसत होतं, न ओरडणारं. एकाने त्या तोंडात डोकावून पाहिलं, दात मोजावेत तसं. मी सर्वांत जवळ होतो, म्हणून मला दिसलं: कोणी चावत नव्हतं. जावा-जावा त्याच्या भुवया चाटून साफ करत होत्या. ढेरपोट्या त्याच्या हनुवटीखाली शिरून चक्क जांभई देत होता. लंगडी कानाशी.

लांबून मात्र, कॅमेऱ्याच्या जागेवरून, ते दृश्य इतकं भयंकर होतं की एक लाइटवाला मट्कन खाली बसला.

'अजून एकदा' काही बोलला नाही. चार मिनिटं झाली, पाच झाली. शेवटी फिल्मच संपली आणि कॅमेरा रिकामा फिरायला लागला तेव्हा आम्हाला कळलं की 'कट' म्हणायचं राहून गेलंय. स्टुडिओत इतकी माणसं, पण देवळात नसेल अशी शांतता. मालकांनी घड्याळाचा हात खाली घेतला होता आणि दुसऱ्या हाताने ते डोळे पुसत होते, धूळ गेली असं ते आजही म्हणतात.

मावशीने जेवणाची खूण म्हणून खिशातली दाण्यांची डबी तीन वेळा वाजवली. ढीग विरघळला. उंदीर पिंजऱ्यांकडे निघाले, काही नाइलाजाने. खाली डोंगर होता तसाच पडलेला, अंगावर ओरखडा नाही, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"दुखलं का कुठे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. "गुदगुल्या झाल्या," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "इतक्या जणांना एकदम मी आवडलो नव्हतो रे कधी."

मावशी पिंजऱ्यांशी मोजत बसली होती. दोनशे अकरा. पुन्हा मोजले, दोनशे अकरा. तिने हात वर केला आणि म्हणाली, "कोणी पाऊल हलवायचं नाही." आणि मालकांसकट सत्तर माणसं वीस मिनिटं पुतळ्यासारखी उभी राहिली. जिवंत परत, म्हणजे सगळेच. एक म्हणजे एक. शेवटी दिग्दर्शकाच्या टोपीत सापडला. टोपी डोक्यावर होती आणि दिग्दर्शकाला पत्ता नव्हता.

मालकांनी शब्द पाळला, एवढं त्यांच्या नावावर लिहून ठेवा. खच रबरी उंदरांचा झाला, आणि वाईटच झाला. गेटवरचे नाल्यातले उंदीरही सोडायला लावले मावशीने. "त्यांनी काय घोडं मारलंय?" म्हणाली.

चित्रपट तुफान चालला. पहिल्या खेळाला आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो होतो, मधे मावशी. तो प्रसंग आला आणि थिएटरात किंकाळ्या. पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "झालं का खाऊन? झालं का?" आणि माझ्या शेजारी मावशी पुढे वाकून, लहान मुलांचं संमेलन बघावं तशी, "ती बघ, ती बघ, लंगडी कशी कानाला लागलीय! आणि ढेरपोट्याला बघ, कॅमेऱ्यात बघतोय मेला!"

डोंगराने त्यानंतर शर्ट पाठवायचं बंद केलं नाही. फक्त आता तो स्वतः घेऊन यायचा, रविवारी सकाळी, आणि दुपारपर्यंत त्या खोलीत जमिनीवर पडून राहायचा. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. लंगडी गेली तेव्हा तो एवढा माणूस छापखान्याच्या पायरीवर बसून रडला. रस्त्यावरच्या एका बाईने कडेवरचं पोर खाली ठेवलं आणि त्याला पाणी आणून दिलं. मावशीने त्यानंतर कोणासाठी उंदीर वाढवले नाहीत. होते ते म्हातारे होऊन गेले, एकेक करून, तिच्या हातात. शेवटचा गेला त्या दिवशी तिने पिंजरे धुतले, वाळवले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले.

आता त्या नवऱ्याचं. मावशीचं लग्न कधी झालंच नव्हतं. दोरीवरचे शर्ट डोंगराचे होते. आणि नवरा खाल्ल्याची गोष्ट कँटीनमध्ये पहिल्यांदा सांगितली ती मी.